नायकाचं लग्न लावायचं नाही

दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंनी कान टवकारले. समोरच्या बाकावर गाल सुजलेला लेखक आणि त्याच्या चित्रकथांची चित्रं काढणारी ती, दोघांची जुंपली होती.

"पुन्हा नवी मुलगी? अरे, मागचीचे कुरळे केस काढून काढून माझ्या बोटांचा भुगा झाला!"

"ती परग्रहावर गेली."

"आणि तिच्या आधीची?"

"तिची स्मृती गेली."

"त्याआधीची दरीत पडली. तुझा नायक उडतो ना रे? एकीलाही झेलता येत नाही त्याला?"

"अगं, लग्न लावलं की संपलाच तो. संसारी माणूस जग कधी वाचवणार? वाचक पळतील."

"वाचकांचं नाव पुढे करू नकोस. घोडं पेंड खातंय ते वेगळीकडेच. एकाच बाईशी रोज काय बोलायचं, हे तुला लिहिताच येत नाही."

"हळू बोल, दाढ ठणकतेय."

"ठणकू दे. आठवडाभर सगळं मऊ करून तुला भरवतेय ती कोण? परग्रहावरची?"

"आपलं वेगळं आहे गं."

"कित्येक वर्षं वेगळंच आहे."

तेवढ्यात त्याचा नंबर आला. बाईंनी तिला विचारलं, "दाढ काढायचीय, जवळचं माणूस थांबायला हवं. तुम्ही यांच्या कोण?"

ती त्याच्याकडे वळली. "सांग. संवाद तू लिहितोस."

"आम्ही... एकत्र काम करतो."

"या अंकापुरतं," ती म्हणाली आणि त्याची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवून उठली.