झोपेत पळणारी

जनावरांच्या दवाखान्यात मांजर मांडीवर घेऊन बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारचं बोलणं पडत होतं. बंद गोदामातून साखळी तोडून कुत्रीला सोडवणारी मुलगी आणि त्या कुत्रीला घरी नेणारे, घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा सहा महिन्यांनी भेटले होते. कुत्री आत डॉक्टरांकडे होती.

"आजोबा, झोपते का हो ती? आमच्याकडे उभ्याउभ्याच पेंगायची."

"महिनाभर तसंच चाललं. मग मीच तिच्याशेजारी जमिनीवर गादी घातली."

"अहो, या वयात? आणि गुडघे?"

"कुरकुरतात, कुरकुरू देत. तिला सांगितलं, बाई गं, तू आडवी झाल्याशिवाय मी काही पलंगावर जायचा नाही."

"मग?"

"एका दुपारी धपकन पडली. नाकाशी हात धरला, तर चक्क घोरत होती!"

"अगंबाई!"

"आता झोपेत पळते. चारही पाय चालू."

"त्या गोदामाची स्वप्नं पडत असतील हो."

"मलाही तसंच वाटायचं. पण पोरी, पळताना शेपटी हलते तिची."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्याच नाहीत.

"कुठे जात असेल?"

"कुणास ठाऊक. परवा मात्र पळता पळता थांबली, मान मागे वळवली आणि डोळे मिटलेलेच ठेवून हळूच भुंकली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी म्हटलं, आलो गं, आलो."