पट तिच्या टाचंनं पास व्हायचा

गेल्या यात्रेच्या आदल्या दिशी आमी दोघं नवराबायको घोड्याच्या शर्यतीचा पट, म्हंजी घोडे पळायची वाट, बघाया गेलतो, तेच आमचं संगं केलेलं शेवटचं काम. ती म्होरं, अनवानी, अन् मी मागं काठी घेऊन रुबाबात. काय सांगू तुमाला, मला लई वर्सं झाली साखर हाय, टाचंखाली काटा मोडला तरी कळत न्हाई, मग भुई काय कळनार. ती टाच दाबत चालायची, थांबली की मी तिथं काठी रोवायचो अन् वरडायचो, हितं भुसभुशीत हाय, मुरूम टाका. फेटा मला, शाबासकी मला. ती कुनाला बोलली न्हाई, मीबी न्हाई.

हे काम बापाचं. बाप घोडे राखायचा, मी दुसरीतून शाळा सोडून त्याच्या मागं. आष्टीकडचं आमचं गाव, घोडे लांबलांबून येतेत. रीत अशी की ज्यानं पट पास केला त्यानंच सुरवातीच्या रेघंवर नारळ फोडायचा. नारळ फोडला म्हंजी जबान दिली. घोड्याचा पाय मोडला, वरचा मानूस पडला, तर पाप आपल्या माथी.

ती यात्रेनंतर चौथ्या दिशी गेली. भाकरी थापता थापता छाती धरून बसली, दवाखाना काय गाठला न्हाई.

यंदा कमिटीवाले दारात आले. अध्यक्ष दत्ता, माझ्या चुलतभावाचा पोरगा. बूट घालून भुई बघनारी ही मानसं. टँकरनं पानी मारलं, रोलर फिरवला, वर गुळगुळीत पापुद्रा, खाली काय हाय कुनाला ठावं. म्हनला, तात्या, पट झकास झालाय, उद्या या. मी म्हनलं, मला न्हाई कळत. म्हनला, कावून भाव खाता तात्या. मग बोललोच सगळ्याम्होरं, पट मी कधी बघितलाच न्हाई बे, तुझी चुलती बघायची, मी नुसता वरडायचो. हसले समदे. एक म्हनला, म्हातारी गेल्यापून तात्याचं डोस्कं फिरलंय. दत्ता म्हनला, मग तर सोपंच झालं, तुमी नुसता नारळ फोडा.

माझं टाळकंच सरकलं. अरे, मी मान खोटा घेतला आसन, पन तिचं काम खरं व्हतं, एक घोडं पडलं न्हाई कधी. आता नारळबी खोटा फोडू व्हय?

दुसऱ्या दिशी उजाडताच पटावर गेलो. धोतर खोचलं, गुडघे टेकले अन् तळहात दाबीत सरकाया लागलो. पाय मेलेत, हात तर जित्ते हायेत. चहावाला म्हनला, तात्या, काय हरपलं? मानसं जमली. दत्ता पळत आला, म्हनला, उठा, गावाची इज्जत चाललीय. मी काय उठलो न्हाई. वळनावर लिंबापाशी पापुद्रा फुटला अन् माझा हात मनगटापत्तोर फुफाट्यात गेला. दत्ताला म्हनलं, बूट काढ, हितं टाच दाब. लाजत काढले त्यानं. टाच घोट्यापत्तोर आत गेली तवा त्याचं तोंड उतरलं, अन् मुरमाचं ट्रॅक्टर आनाया त्यानंच मानूस पळवला.

मी म्होरं सरकलो. अजून निम्मा पट ऱ्हायलता.