वीस मशीनची लाईन

भोरच्या स्टँडवर आंबवड्याच्या एसटीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकड्यावर बाप-लेक बोलत होते.

"मग तीन वर्सं तू कॉलेजात काय शोदत व्हतीस, अम्रीन?"

"झटपट रीत, अब्बा. कारखान्यात पुष्कळ मशीनं एकत्र चालतात. ती कधी एकमेकांसाठी अडून बसतील का, हे आधीच ओळखायची."

"आन घावली?"

"नाही. पण आता सिद्ध झालं, की ज्या गणितांची झटपट रीत जगात कुणालाच सापडलेली नाही, त्यांच्याइतकंच हे अवघड आहे. सर म्हणाले, एवढ्यावर डिग्री मिळते."

"न घावल्याची डिग्री?"

"हो, अब्बा. मला वाटायचं, मीच ढ आहे."

"मंग माझं ऐक. आमच्या लाईनीवर वीस मशीनं व्हती. म्या एकूणएक तपासली, सगळी चांगली. तरी बाटल्या भरायचं मशीन पट्ट्याची वाट बघत थांबलं, आन पट्टा मशीनची. सायब म्हणाला, शब्बीर, आदी बघता येत न्हवतं?"

"एकेक मशीन नुसतं चालू नाहीतर बंद धरलं, तरी वीस मशीनचे मिळून दहा लाखांवर प्रकार होतात. कधी बघणार होतात तुम्ही?"

"किती म्हणलीस?"

"दहा लाखांवर."

"बारा वर्सं झाली त्याला. अजून मनात यायचं, एखादा नट कसायचा राहिला आसंल."

"अब्बा, एसटी लागली."

"लागू दे. आकडा परत एकदा सांग."