नरम गिऱ्हाईक

काका : तोंड माझ्याकडे करून बोला, ताई. तुम्ही वहीत बघून बोललात की मला नुसता तुमचा भांग दिसतो.

ताई : माफ करा, काका. म्हटलं, आज पाचवी खेप ना तुमची?

काका : सहावी. आला का माझा फोन?

ताई : थांबा हं. मामा, ते काका आलेत. समोरचा फोनवर बोलतो ते अक्षरात दाखवणारा फोन सांगितलाय ना, ते.

मामा : या या, काका! स्टूल घ्या, बसा. अहो, सकाळीच तुमचा विषय निघाला होता. माल गोदामातून निघालाय. निघालाय म्हणजे आलाच समजा. परवा तुमच्या हातात.

काका : परवा.

मामा : परवा म्हणजे परवा. पक्कं.

काका : दोन आठवड्यांत हे सहावं परवा, मालक. घरी कॅलेंडरवर खुणा करतोय मी. खुणांना जागा उरली नाही.

मामा : हा हा! काका, तुमच्याशी बोलायला बरं वाटतं बघा. नाहीतर एकेक जण येतो तो डोक्यावरच बसतो. माणसानं कसं तुमच्यासारखं समजूतदार असावं.

काका : आज समजूत घालू नका. मला आज हवाय. आज मिळाला तर उपयोग, नाहीतर राहू द्या.

ताई : का हो? आज काय आहे?

काका : आज नाही, उद्या आहे. उद्या सकाळी आठला माझ्या धाकट्या भावाच्या घशाचं ऑपरेशन. गाठ आहे. आवाजाची पेटी काढून टाकणार आहेत, अख्खी.

ताई : अगंबाई! म्हणजे मग बोलणं...

काका : बंद. त्याचा आवाज उद्या आठपर्यंतच.

मामा : अरेरे. वाईट झालं हो.

काका : तसा तो वाचेल, डॉक्टर चांगला आहे म्हणतात. पण त्याला मला काहीतरी सांगायचंय. पुतणीनं माझ्या या बटणांच्या फोनवर मेसेज केला. ‘बाबा म्हणतात, लिहून देणार नाही, मधे कुणी नको, दादाला तोंडानंच सांगीन.’ आता तो सांगेल हो तोंडानं, पण ऐकायचं कुणी? माझे कान कारखान्यात गेले. तीस वर्षं बॉयलरच्या पोटात बसून हातोडा चालवला. माणूस समोर असला तर ओठ वाचतो मी, काही अडत नाही. फोनवर मात्र ठार बहिरा.

ताई : मग व्हिडिओ लावूया की! माझ्या फोनवरून आत्ता लावून देते. ओठ दिसतील.

काका : छातीपर्यंत दाढी आहे त्याला. मिशा तर तोंडात जातात. विशीपासून सांगायचो, काप बाबा, काप. ऐकतोय कुठला! आता उद्या डॉक्टरच काढतील. मग गंमत बघा, ताई. उद्यापासून दाढी नाही आणि आवाजही नाही. नुसते ओठ हलवील. घरात कुणाला काही कळणार नाही, मला एकट्याला कळेल.

ताई : मग झालं तर! उद्यानंतर निवांत बोलता येईल तुम्हाला.

काका : मला येईल. पण त्याला स्वतःच्या आवाजात सांगायचंय ना. तेवढं त्याचं राहायला नको.

मामा : (मागच्या कपाटाकडे तोंड फिरवून, अगदी हळू) इकडे ये जरा. सकाळी आलेला तो डबा कुठे ठेवलास?

ताई : खालच्या खणात. मामा, तोच देऊन टाकूया ना यांना. हेच मॉडेल आहे.

मामा : वेड लागलंय का? एकच तर आलाय, आणि तो जिमवाल्याचा आहे. पाचला न्यायला येतोय. काल इथे उभं राहून त्यानं बोंब ठोकली, चार गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर गेली. विसरलीस?

ताई : पण वहीत काकांचा नंबर तिसरा आहे. जिमवाल्याचा अकरावा.

मामा : नंबर सोड. नावापुढे काय लिहिलंय ते बघ.

ताई : काकांपुढे ‘न’. जिमवाल्यापुढे ‘ग’.

मामा : नरम आणि गरम. माल कमी आला की आधी गरम, मग नरम. बावीस वर्षं दुकान असंच चालवलंय मी. नरम माणूस थांबतो. त्याला परवा म्हटलं की भागतं.

ताई : म्हणजे गेल्या आठवड्यात आलेले तीन फोन...

मामा : गेले गरमांना. मलाही भावाचं वाईट वाटतंय, पण जिमवाला दुकान डोक्यावर घेईल. आता वळ आणि हसून सांग, परवा नक्की.

काका : नको, ताई. हसू नका. तुमचं हसू चांगलं आहे, असल्या कामाला लावू नका.

मामा : काय म्हणालात, काका?

काका : मालक, त्या कपाटाच्या दारांना आरसे आहेत. तुम्ही पाठ फिरवता, पण तोंड आरशात दिसतं. वर ट्यूब आहे, त्यामुळे समोरून दिसतं त्याहून स्वच्छ दिसतं.

ताई : अय्या. म्हणजे तुम्ही आत्ताचं सगळं...

काका : आत्ताचं सगळं. मागचं एकच. दुसऱ्या खेपेला मालक आरशात म्हणाले होते, नरम माणूस आहे. मला वाटलं, कौतुक करताहेत. घरी जाऊन बायकोला सांगितलं मी, मोठ्या तोऱ्यात. ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. म्हणाली, तुम्ही? आणि नरम?

मामा : काका, गैरसमज करून घेऊ नका. धंद्यात थोडं इकडचं तिकडे करावं लागतं.

ताई : पण काका, कमाल आहे तुमची! एकदा ओरडायचं होतंत की. पहिल्याच आठवड्यात फोन मिळाला असता.

काका : ओरडणं मला शिकवायला नको, ताई. बहिऱ्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही. मी जन्मभर ओरडत होतो आणि मला वाटायचं, बोलतोय. चौदा वर्षांपूर्वी आई गेली. घरात माणसं जमलेली, हा धाकटा प्रवासात अडकलेला. तेव्हा थोडंफार ऐकू यायचं मला. मी फोनवर विचारलं, ‘कुठवर आलास?’ बस्, एवढंच. तो काय म्हणाला ते कळलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. मग पुन्हा. त्याला वाटलं, दादानं भरल्या घरात आपली लाज काढली. त्यानं फोन ठेवला. आला, आईला पोहोचवलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेला. तेव्हापासून बोलणं नाही आमचं.

ताई : कुणी तुम्हाला सांगितलं नाही, की ओरडताय म्हणून?

काका : बायकोनं सांगितलं, नंतर. तेव्हापासून असा हात ठेवून बोलतो गळ्यावर, बघा. हाताला जास्त थरथर लागली की समजायचं, आवाज चढला. की खाली घ्यायचा.

ताई : म्हणून तुमचा हात सारखा गळ्याशी असतो! मला वाटायचं, तुमचाच घसा दुखतोय.

मामा : हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगायला हवं होतंत, काका. मला काय स्वप्न पडणार आहे?

काका : दुकानात येणाऱ्या प्रत्येकाची काही ना काही नड असते. म्हटलं, आपलीच काय मोठी? आणि फोन उशिरा आला याचा राग नाही मला. आमच्या कारखान्यात सहा-सहा महिने काम रखडायचं. राग तुमच्या परवाचा आहे. गेल्या शनिवारचं गाडीचं तिकीट काढलं होतं मी. दोन दिवसांचा प्रवास. तुम्ही म्हणालात, परवा येतोय. बायकोचे गुडघे गेलेत, घरात दुसरं कुणी नाही. म्हटलं, फोन येतोच आहे तर तिला कशाला एकटीला टाकून जा. तिकीट रद्द केलं. तुम्ही मला परवा सांगितलंत, मी पुतणीला परवा कळवलं, तिनं त्याला सांगितलं. तो तिकडे खाटेवर आवाज राखून बसलाय. नर्सशीसुद्धा बोलत नाही म्हणे.

ताई : मामा, ऐकताय ना?

काका : ‘माहीत नाही’ एवढं म्हणाला असतात ना मालक, तर आज मी त्याच्या उशाशी असतो. दाढी हातानं बाजूला करून ओठ वाचले असते.

मामा : माहीत नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं हो.

काका : जाऊ द्यायचं होतंत की.

ताई : मी खण उघडतेय, मामा.

मामा : आणि पाच वाजता जिमवाल्याला काय तोंड दाखवू?

ताई : तोंड मी दाखवते. तुम्ही कपाटाकडे बघत उभे राहा.

मामा : जीभ बघा कार्टीची! सांगतो तुझ्या आईला, थांब.

ताई : सांगा की. तुमचीच बहीण आहे. आरशाचंही सांगा तिला.

मामा : ...आण तो डबा. आण म्हणतो ना! सील मी काढतो, तू नखानं ओरबाडतेस. काका, तुमचं सिम द्या. ती पिन कुठे गेली? इथेच तर होती.

ताई : तुमच्या चष्म्याच्या डबीत. चार्जिंग बत्तीस टक्के आहे, पुरेल. भाषा आपली करते. हं, काका, हा पडदा बघा. आता मामा बोलतील, ते इथे उमटेल.

मामा : हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन.

काका : ‘हॅलो हॅलो एक दोन तीन.’ वा! आणखी काहीतरी बोला, मालक. लांब वाक्य बोला.

मामा : काय बोलू?

काका : ‘काय बोलू.’ हेही आलं.

मामा : चुकलं माझं, काका.

काका : ...आलं. ताई, हे पुसलं जातं का?

ताई : ठेवलं तर राहतं.

काका : मग त्याचंही राहील?

ताई : शब्दन् शब्द राहील. थांबा, मामा, तुमचा फोन वाजतोय. जिमवाला आहे.

मामा : दे इकडे. हॅलो, बोला साहेब. नाही, पाचला येऊ नका. आला होता, पण दिला. दुसऱ्यांचा नंबर आधी होता... हो, काल मीच म्हणालो होतो. चुकीचं म्हणालो. आता कधी? साहेब, खरं सांगू? माहीत नाही. हो, ओरडा, ऐकतोय मी... ठेवला त्यानं.

ताई : घाम पुसा, मामा. काका, पुतणीचा नंबर हाच ना? लावते. वाजतोय... उचलला. बोला.

काका : हॅलो.

ताई : बघा, पडद्यावर येतंय.

काका : ‘थांबा हं, बाबांना देते.’ पुतणी आहे... ‘हॅलो.’ हा तोच. हॅलो, अरे, मी बोलतोय.

ताई : पुढे बोला ना.

काका : ‘कोण?’ मी, मी. दादा... ‘हॅलो, कोण बोलतंय? काही ऐकू येत नाही.’ ताई, याला ऐकू का जात नाही? यंत्र बिघडलंय का?

मामा : यंत्र ठणठणीत आहे, काका. तुम्ही फार हळू बोलताय. मला इथे दोन हातांवर नीट ऐकू येत नाही.

काका : मोठ्यानं बोललो आणि पुन्हा त्याला तसंच वाटलं तर?

ताई : अहो, पडदा बघा आधी. तो बोलतोय.

काका : ‘दादा आहेस का?’ हो रे... ‘दादा असशील तर असा कुजबुजतोस काय? ओरड ना. त्या दिवशी मी फोन ठेवायला नको होता, हेच सांगायचं होतं. चौदा वर्षांत माझ्यावर कुणी ओरडलं नाही. उद्या मला उलट ओरडता येणार नाही. ओरड, दादा.’

ताई : काका, गळ्यावरचा हात काढा.