पोर्टात काहीच नव्हतं

आमचं गाव कवठे महांकाळच्या पल्याड, नुसतं माळरान, बाजरी नि कुसळं, तिथं पोरगं दहावी झालं की एक तर भरतीला पळायचं न्हाईतर दुसऱ्याच्या द्राक्षबागंत कामाला लागायचं, मी पळालो. लष्कराच्या सिग्नलमधी घेतलं मला. अठरा वर्सं वायरी नि बिनतारी यंत्रं, दुसरं काय केलंच न्हाई बगा. आमचा उस्ताद हरियाणाचा, त्यो रोज सांगायचा, एक बार में एक चीज बदलो, बाकी को हाथ मत लगाओ. वायर बदल, बग. मग जोड बदल, बग. जे बदलल्यावर बिघाड गेला, चोर तिथंच. ह्ये शिकलो ते आयुष्यभर धरून बसलो. आन त्यानंच माझा डोळा गेला, काय सांगू तुमाला ताई. उस्तादाची चूक न्हाई, माझीच.

तुमी समोर बसलाय ह्ये आवाजावरनं कळतंय. मधोमध काळा गोळा हाय, कडंचं तेवढं दिसतंय, दार, खुंटी, तांब्या. दुकान बंद केलं. डॉक्टर म्हणला आता वाचायचं, रेघ वडायची, सोल्डर मारायचं, सगळं इसरा.

पेन्शनीवर आल्यावर इथं स्टँडच्या मागं दुकान टाकलं हुतं. आदी टीव्ही, मग कॉम्प्युटरचं मॉनिटर. लोकं यायची, म्हणायची स्क्रीन गेला. मी म्हणायचो, आवं स्क्रीन इतक्यात जात न्हाई, आदी मागची केबलची भोकं, ते पोर्ट, बगू. आन बहुतेक येळा तिथंच असायचं. कुणी केबल उलटी दाबून पिना वाकवल्याल्या, कुणाच्या पोर्टाचं सोल्डरचं टाकं बोर्डावरनं सुटल्यालं, एकदा वडूजच्या एका मास्तरांच्या मॉनिटरात कुंभारमाशीनं मातीचं घर केलतं, हसू आलं मला. वडूज म्हंजी माझ्या बायकोचं माहेर, त्यो मास्तर तिच्याच वळखीनं आलता. कमल तिचं नाव. दुकानात माझ्यासंगं बसायची, पावत्या, गिऱ्हाइकाला पानी, सगळं तीच.

तर मागच्या खंडेनवमीला तिनं दुकानातल्या हत्यारांची पूजा केली, दरवर्सी करती. टेबलावरचा माझा मॉनिटर, ज्याला जोडून मी गिऱ्हाइकाचं कॉम्प्युटर तपासायचो, त्यालाबी हळद-कुंकू, फूल, वर फुलानं पानी शिपडलं. मागच्या बाजूलाबी लावलं, म्हणली खरं काम तर मागनंच करतोय न्हवं त्यो. पोर्टात कुंकू गेलं. मी बिरशानं नि स्पिरिटनं साफ केलं, आन लय बोललो तिला. त्यो पोर्ट आदीच कच्चा हुता, वर्सामागं त्याचं टाकं मीच मारलतं, केबलला धक्का लागला की चित्र जायचं.

आठ-दहा दिवसांनी त्या मॉनिटरवर रेघा वाकड्या दिसाय लागल्या. सरळ रेघ, मधीच पोट काढल्यागत. मदली अक्षरं पुसट. मी म्हणलं, झालं, पिना गंजल्या कुंकवानं.

केबल बदलली. तसंच. दुसऱ्या पोर्टात घातली, जुना स्क्रूचा असतोय त्यो. तसंच. कॉम्प्युटर बदलला, तसंच. मग गिऱ्हाइकाचा दुरुस्त झाल्याला दुसराच मॉनिटर जोडला, ताई, त्यातबी तसंच! आता सगळं बदलून झालतं. एकच जिन्नस बदलायचा ऱ्हायला हुता, त्यो खुर्चीत बसलाता. पर मला ते सुचलं न्हाई. मी म्हणलं लाइटचा दाब कमी असंल, अर्थिंग खराब असंल. वायरमनला बोलवून अर्थिंग खांदून घेतलं.

कमल चहा घेऊन आली, वाकून बगितलं, म्हणली, आवं चांगलं तर दिसतंय की. मी म्हणलं, तुला काय कळतंय ह्यातलं, कुंकू घालून वाटूळं केलंस नि वर चांगलं दिसतंय म्हणतीस. चहा ठिवून गेली. दोन दिसांनी परत म्हणली, मला तर रेघा सरळच दिसत्यात. मी तिच्यावर हात उगारला न्हाई, पर त्याहून वंगाळ बोललो. माहेरापातूर काढलं तिचं. मग ती दुकानात यायचीच बंद झाली.

तीन आठवडं असंच. अर्थिंगनंबी फरक पडला न्हाई, म्हणून परत त्या पोर्टावरच आलो, दोनदा बदलला. तिसऱ्यांदा पोर्ट काडून नवा बसवला, सोल्डर भलत्याच पिनंवर सांडलं, धूर निघाला, बोर्डच गेला. माझ्या हातनं, अठरा वर्सं मुरल्याल्या हातनं. त्या दिवशी सांजच्याला डबा घिऊन कमल आली, मी शटर वडत हुतो, म्हणलं, ह्ये शटर कुणी ठोकलंय गं, मधीच वाकलंय. तिनं शटरकडं बगितलं, मग माझ्याकडं बगितलं. माझ्या हातनं कुलूप घिऊन तिनंच लावलं. दुसऱ्या दिवशी सांगलीला घिऊन गेली.

तिथल्या डॉक्टरनं डावा डोळा झाकला, त्यो चार वर्सामागंच कामातनं गेलता, आन उजव्याम्होरं चौकटीचा कागद धरला. साधा कागद, पोरांच्या गणिताच्या वहीत असतोय तसला. चौकटी वाकड्या. मधी काळं. त्या कागदाला ना वायर, ना पोर्ट. मी तिथंच समाजलो. डॉक्टरनं इचारलं, कवापासनं हाय? मी म्हणलं तीन-चार आठवडं. त्यो म्हणला, पयल्या आठवड्यात आला असता तर इंजेक्शनानं लय वाचलं असतं. नंतर इंजेक्शनं दिली, आहे ते टिकलं म्हणत्यात. टिकलं म्हंजी ह्ये, खुंटी नि तांब्या.

रात न् दिस एकच डोक्यात फिरतं. ती सांगत हुती. तिचं दोन्ही डोळं चांगलं हुतं, टेबलाशी हुबी राहून दोनदा सांगितलं, आन मी अर्थिंग खांदत बसलो. आता ती एका शब्दानं म्हणत न्हाई, मी सांगत हुते म्हणून. म्हणावं वो तिनं, भांडावं, शिव्या द्याव्या. जेवाय वाढती, ताटात कुठं काय हाय ते सांगती, हाताला धरून परसाकडं नेती. मला सहन हुत न्हाई.

तुमचं डोळं चांगलं ऱ्हाऊद्यात ताई, देव तुमचं भलं करो. घरातलं कुणी म्हणलं, मला तर बरं दिसतंय, तर हातातलं काम टाका नि ऐका त्याचं.

आता तिचं तोंड बगायचं म्हणलं तर सरळ बगून भागत न्हाई, तिच्या खांद्याच्या पल्याड भितीकडं बगावं लागतं, तवा कुठं कडंला जरा दिसतं. परवा ती म्हणली, आवं, माझ्याकडं बगून बोला की, नजर का चुकवताय? मी सांगितलं तिला, असंच दिसतं म्हणून. पर नजर मी चुकवतोयच, ताई.