कुंडीतली चिंच

माझं माहेर चौलचं, सासर हितं नागावला. माहेरी वाडी, सासरी पन वाडी, म्हंजे सगळा जलम नारळी-पोफळींना पानी लावन्यात गेला. लग्न होऊन आले तवा पदरात माहेरचे चिंचोके बांधून आनले व्हते, त्यातला एक विहिरीजवळ पुरला. सासूबाई बोलल्या, घराजवळ चिंच कशाला लावतेस, भुतं येतात. भुतं काय आली न्हाईत, बंगलेवाले आले. दिरानं आनि आमच्या ह्यांनी वाडी इकली, मला कोनी इचारलंसुदिक न्हाय. आता तिथंच मी झाडांना पानी घालते, पगारावर.

पोहायच्या हौदासाठी माझी चिंच आडवी केली. मी बघत उभी व्हते, काय सांगू तुमाला, तोंडात घास जाईना दोन दिस. मंग पावसाळ्यात विहिरीच्या कडेला तिचंच एक रोप दिसलं, बोटाएवढं. ते मी डब्यात लावलं.

बंगल्याची म्याडम मुंबैची, हिंदी बोलते, सवभावानं वाईट न्हाय. तिला नुकतं बोन्सायचं खूळ लागलेलं. मोबाईलमधी बघून बघून शिकायची आनि मला पन शिकवायची. बोलली, मौसी, ये डब्बे में नहीं, हम इसका बोन्साय करेंगे, और ये तुम्हारा रहेगा. मधलं मूळ छाटायला लावलं, मूळ कापून झाड कवा जगलंय का? पन जगलं. मंग उथळ कुंडी, खाली खडी, फांदीला तार. आमचे हे हसायचे, बोलायचे, झाड जितं ठेवायचं आनि वाढू द्यायचं न्हाय, ह्यो कसला उद्योग. मी बोलले, तुमी जमीन ठेवलीत का मला? दोन खोल्या हायत आनि एक पायरी. पायरीवर मावंल तेवढंच झाड आता माझं व्हनार.

दोन वर्सं मी त्याला पोरासारखं बघितलं. वीतभर झाड, पन खोड कसं जुन्या चिंचेवानी. म्याडम बोलली, बारिश के बाद घर ले जाना.

मे महिन्यात ती परदेशी गेली. चिंचेची पानं जरा पिवळी पडली, गळाया लागली. आता मला वाडीतलंच ठावं. सासरे नारळ मलूल दिसला का आळ्यात मीठ घालायचे, पाऊस पडायच्या आधी, घरोघरी सगळेच घालतात हितं. मी पन घातलं. मूठभर, जाडं मीठ, मायेनं घातलं. ऊन व्हतं म्हनून पानी पन दिलं वरून. चार दिसांत पानं कडेनं करपली, आठ दिसांत काडी झाली. मंग डोक्यात उजेड पडला. कुंडी धू धू धुतली, माती बदलली, काय उपेग? नारळाला आख्खी जमीन असते मीठ पचवायला, ह्याला बशीभर माती.

म्याडम आली. इचारलं, मौसी, क्या हुआ? मी बोलले, कीड लागली. चाळीस वर्सं वाडी केलेली बाई, कोन्या तोंडानं सांगू मीठ घातलं म्हनून? तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. बोलली, रोना मत, नर्सरी से दूसरा लाएंगे. दुसरं! तिच्यासाठी दुसरं व्हतं.

आता बंगल्यात बोन्सायच्या वीस कुंड्या हायत. त्या किडीपायी म्याडम दर शुक्रवारी मला सगळ्यांवर औषध मारायला लावते. तोंडाला फडकं बांधून मी मारते. कीड कधी नव्हतीच, आनि मी मारते. पावनं येतात, फोटो काढतात, ती सांगते मौसीचा हात लय चांगला हाय.

आजपत्तर कोनाला बोलले न्हाय, ह्यांना पन न्हाय. तुमी इचारलंत म्हनून सांगितलं, खुशाल लिवा. म्याडमला मराठी वाचता येत न्हाय. सुखी ऱ्हावो बिचारी, तिची झाडं पन जगोत. माझं एक व्हतं, ते मीच मारलं.