मामानं पारखलेला रोबोट

टीमवाल्या पोट्टेहो, शिव्या बंद करा बे! माहा रोबोट लढत काऊन नाही, ते आधी ऐका.

या गेममधी पह्यला रोबोट फुकट भेटते, पन एकदा घेतला का बदलता येत नाही. मी मोबाईल धरून इचार करून राह्यलो होतो, तं धाड गावचे माहे मामा मागून डोकावले. मामाची सारी हयात बैलबाजारात गेली.

पह्यल्या रोबोटच्या खांद्यावर दोन तोफा. मामा म्हने, "हा मारका दिसते. नको."

दुसऱ्याच्या हाती करवत. "याची नजर वाईट हाय. लेकराबाळाच्या घरात कायले आनतं?"

तिसरा खाली मान घालून उभा, पाठीवर नुसती दुरुस्तीची पेटी. मी काही म्हनाच्या आधी मामानं त्याच्यावर बोट दाबलं. "हाच! पाय पाह्य कसे सरळ हायेत!"

पह्यल्याच लढाईत चौघायनं घेरलं. मी बटनं दाबून दाबून थकलो, पन याच्यापाशी बंदूकच नाही! उभ्या उभ्या तुकडे झाले. मी रडकुंडीले आलो.

मामानं मात्र बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा स्क्रीनवरून हात फिरवला.

"पाह्यलं का भाच्या, किती गरीब हाय! एवढा मार खाल्ला, पन शिंग उगारलं नाही."